आधी कोपर

सुरतेतल्या निम्म्याअधिक बायकांच्या कोपराची मापं ज्याला तोंडपाठ आहेत आणि तरीही ज्याने जन्मात कधी मार खाल्लेला नाही, असा एकच पुरुष माझ्या पाहण्यात आहे. आमचे शेजारी, आर्किटेक्ट रघुनाथ बाविस्कर. अख्ख्या भेस्तानचे नाना.

माणूस उंच, चांगला सहा फुटी, पण कमरेतून असा वाकलेला की समोरून येताना रस्त्यावर पडलेली किल्ली शोधतोय असं वाटावं. पांढरा शर्ट, शर्टावरून आवळलेला कमरेचा पट्टा, खिशात घडीची लाकडी मोजपट्टी आणि कानावर पेन्सिल. पट्ट्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "ड्रॉइंग बोर्डाची देणगी, टीचर. जन्मभर वाकून रेघा मारल्या." मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते म्हणून मी 'टीचर'. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, मला शंकाच आहे. कोपर मात्र पाठ आहे.

आम्ही त्यांच्या शेजारचं रो-हाऊस घेतलं आणि ते नीट करून घ्यायला त्यांना बोलावलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या ह्यांनी रात्र रात्र जागून वहीत चित्रं काढली होती. पुढे गॅलरी, गॅलरीत झोपाळा, झोपाळ्याला पितळी कड्या. सुरतेत राहून माणसाला झोपाळ्याचं वेड लागतंच. नाना आले, वही बंदच ठेवली आणि अहिराणीत विचारलं, "भाकरी कोन करस?"

हे गोंधळले. अमळनेर सोडून इतकी वर्षं झाली, पण घरची बोली कानावर पडली की आमचा माणूस विरघळतो. "ही करते," म्हणाले, तेही मोठ्या कौतुकाने.

"मग तुम्ही बाहेर बसा," नाना म्हणाले.

झालं. घरमालक ओटीवर आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. "चपला काढा टीचर. चपला घालून पीठ मळता का? आता मळा." पीठ नाही, परात नाही, मी आपली हवेत मळतेय. हे दारातून वाकून वाकून बघताहेत की बायकोला हा गृहस्थ काय करायला लावतोय. नाना हातभर लांब उभे. बोट लावायचे नाहीत कुणाला कधी. नुसतं डोळे बारीक करून बघायचे. खांदे वर गेले तर ओटा उंच, मान खाली गेली तर ओटा बुटका. मग भिंतीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ. "हं. हे तुमचं कोपर. ह्याच्या खाली चार बोटं ओटा. आता दाखवा वही."

नानांचं सगळं शास्त्र एवढंच. आधी कोपर, मग नकाशा. बाईची कंबर गेली की घर गेलं, असं त्यांचं म्हणणं. 'स्टँडर्ड' हा शब्द ऐकला की त्यांचं डोकंच फिरायचं. कुणी मिस्त्री सहज म्हणाला, साहेब, ओटा स्टँडर्ड हाइटचा घेऊ, की संपलंच. "ही स्टँडर्ड बाई राहते कुठं? वराछ्याला राहते का कतारगामला? मला भेटवा एकदा. चहा पाजतो तिला."

ह्या कोपरापायी त्यांनी काय काय उपद्व्याप केलेत, काय सांगू! नवागामात सोनवण्यांकडे लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना हो, नीट चालायला लागलं तसं त्यांनी वर मजला चढवायचं ठरवलं. नाना गेले, नेहमीचा प्रश्न विचारला, "भाकरी कोन करस?" आणि सासू-सुना एका सुरात म्हणाल्या, "मी!" सासू हातभर, सून ताडमाड. दोघी एकाच भिंतीला उभ्या राहून हवेत पीठ मळतात, मळता मळता एकमेकींना कोपरं मारतात, आणि सोनवणे बिचारा खाली लूमच्या खडखडाटात जाऊन उभा राहिला, म्हणजे ऐकू यायला नको. नानांनी दोन उंचीचा ओटा केला. एक बाजू सासूची, एक सुनेची, मध्ये पायरी. भांडण मिटलं म्हणता? छे! महिनाभरात सासूबाई पाट घेऊन सुनेच्या बाजूला चढल्या, मलाही इथं येतं हे दाखवायला. हे ऐकलं तेव्हा नाना हसले नाहीत. उलट ताडकन उठले, रिक्षा केली, नवागामला गेले आणि म्हातारीच्या पायाखालचा पाट काढून घेऊन आले. "पाटावर उभं राहून कुणी स्वयंपाक करायचा नाही!" एवढंच बोलले म्हणे, पण असे की म्हातारीने पुन्हा पाटाचं नाव काढलं नाही. एवढं काय चिडायचं पाटावरून, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कामरेजला एका कापडाच्या व्यापाऱ्याचं फार्महाऊस त्यांनी केलं. शेठ, शेठाणी, मुंबईहून आणलेला सजावटवाला, सगळे नटूनथटून बसलेले. नाना म्हणाले, "रोटली कोण बनावे छे?" शेठाणी तोऱ्यात म्हणाली, महाराज. "तो बोलावो महाराजने." त्या एवढ्याशा मारवाडी महाराजाला दिवाणखान्यात गालिचावर उभं केलं आणि हवेत पीठ मळायला लावलं. शेठाणीला तो अपमान वाटला, पण ओटा महाराजांच्या कोपराचाच झाला. पुढे ते महाराज गावी निघून गेले, आणि तेव्हापासून शेठ नवा महाराज ठेवताना आधी त्याला ओट्याशी उभं करून बघतो. चार चांगले स्वयंपाकी उंच निघाले म्हणून परत गेले. पाचवा बसला मापात, पण दाळीत साखर फार घालतो म्हणतात.

थट्टा पुरे. माणसाने काम मोठं केलं. शाळा बांधल्या, प्रसूतिगृह बांधलं, वाचनालय बांधलं. पण मला विचाराल तर त्यांचं खरं काम नवागामच्या खोल्यांमध्ये आहे. खानदेशातून लूमवर आलेल्या माणसांच्या एकेका खोलीचे ते संसार. तिथे कसला ओटा? बाई जमिनीवर बसून स्टोव्हवर रांधायची, आणि खिडकी तिच्या डोक्यावर दोन हात. धूर डोळ्यांत, उजेड भिंतीवर. नानांनी खिडक्या खाली आणल्या, बसलेल्या बाईच्या तोंडासमोर. मालक म्हणाले, साहेब, एवढी खाली खिडकी वेडीविद्री दिसते. नाना म्हणाले, "तुम्हाला बाहेरून दिसते. तिला आतून दिसू द्या की." आज नवागामात ती बुटकी खिडकी सगळेच करतात. कुणी सुरू केली ते विचाराल तर कुणाला सांगता येणार नाही.

आम्हाला ते ठाऊक होतं. म्हणून नानांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत म्हटल्यावर आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यानंतरची ती वर्षं. शहर धुऊनपुसून लख्ख झालं होतं आणि ज्याला त्याला घर चकचकीत करायची हौस आली होती. मंडळाचे अध्यक्ष दिलीपभाऊ पाटील, त्यांचं भेस्तानलाच ग्रॅनाइटचं दुकान. मनाने राजा माणूस, फक्त बोलतो जरा जास्त. बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "शाल-श्रीफळ तर देऊच. पण मी नानांच्या घरी चहाला गेलो होतो. अख्ख्या सुरतेला ओटे दिले त्या माणसाच्या घरी ओटा कसला? जुना, तडा गेलेला कडप्पा! आपण त्यांना नवा ओटा देऊ. काळा ग्रॅनाइट. सत्कार चालू असतानाच माझी माणसं काम उरकतील. नाना घरी येतील आणि बघतच राहतील!"

टाळ्या काय वाजल्या! मीही वाजवल्या. कल्पना होतीच तशी. नाना एकटे राहायचे. नानी जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आम्ही इथे यायच्या आधीच त्या गेल्या. मुलगी परदेशी. नाना स्वतः भाकरी थापायचे, स्वतःच खायचे, आणि त्यांच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची.

"उंची किती घेऊ?" दिलीपभाऊंनी विचारलं. "स्टँडर्ड?"

"खबरदार!" मी म्हटलं. "नानांच्या घरात स्टँडर्ड? आधी कोपर."

आणि ते कोपर मोजायचं काम आलं माझ्या गळ्यात. आता बघा, ज्या माणसाने जन्मभर लोकांची कोपरं मोजली, त्याचं कोपर त्याला न कळता मोजायचं! त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला यायचे, तेही बसायचे नाहीत. कंबर धरते म्हणून दाराला टेकून उभ्यानेच प्यायचे. मी म्हटलं, "नाना, जरा ताठ उभे राहा बघू, किती वाकता!" ते बिचारे कण्हत ताठ झाले, कपबशी हातात, आणि कोपर आलं बरोबर दाराच्या कडीशी. "असेच राहा," म्हणून मी डोळ्यांनी नीट हेरून घेतलं. ते गेल्यावर कडीची उंची मोजली. आमच्या ह्यांनी टेप धरली होती, आणि आम्ही दोघं चोरासारखे खुसुखुसू हसत होतो.

सत्काराचा रविवार उजाडला. ह्यांनी नानांना रिक्षात घालून हॉलवर नेलं. पाठोपाठ दिलीपभाऊंचा टेम्पो आला. काळाभोर दगड आणि दोन कारागीर. मी दार उघडून दिलं. म्हटलं, बिचारे उन्हाचे आलेत, फोडायच्या आधी ह्याच ओट्यावर त्यांना चहा करून द्यावा. शेवटचा चहा. मी पातेलं ठेवलं आणि बघते तर मला वाकावं लागतंय! मी काही उंच नाही हो, चारचौघींसारखी. मलाच वाकावं लागतंय, तर नानांचं काय होत असेल?

आधी मला हसूच आलं. म्हटलं, सापडलात नाना! सुरतभर शहाणपण शिकवणाऱ्या माणसाचा स्वतःचा ओटा चुकलेला. हे सगळ्यांना सांगायला हवं. चहाची पूड घ्यायला उजवीकडे हात घातला, तर तिथे कोरी भिंत. मांडणी डावीकडे, आणि तीही इतकी खाली की मिठाचा डबा बुटक्या माणसाच्याही हाताला लागावा. नाना तर उजव्या हाताचे. मग ही मांडणी अशी का?

आणि माझा हात तसाच राहिला. नाना चुकणारच नाहीत. हा माणूस परक्याच्या महाराजाचं कोपर चुकत नाही, तो स्वतःच्या घरात कसा चुकेल? ओटा बरोबर होता. कोपर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. मी बाहेरच्या खोलीत भिंतीवरचा नानींचा फोटो बघितला. खुर्चीत बसलेल्या, हसऱ्या. बसलेल्या माणसाची उंची कळते थोडीच?

तेवढ्यात आतून खाडकन आवाज आला. धावत गेले तर कारागिराने छिन्नी लावून कोपऱ्याचा टवका उडवला होता.

"थांबा! बंद करा!" मी ओरडले.

"मॅडम, साइड हो जाओ. शेठने बारा बजे तक बोला है."

"शेठला मी सांगते."

"शेठ को आप बोलो, हमको काम करने दो," म्हणून त्याने पुन्हा हातोडा उचलला. मला दुसरं काही सुचेना. वर्गात पोरं ऐकत नाहीत तेव्हा मी टेबलावर पट्टी आपटते, इथे पट्टी कुठली? मी सरळ त्या ओट्यावर चढून बसले. पातेल्याच्या शेजारी. पन्नाशी उलटलेली बाई, नेसलेली पैठणी, स्वयंपाकाच्या ओट्यावर फतकल मारून! माझ्या आईने बघितलं असतं तर तिथेच दोन दिल्या असत्या. कारागीर माझ्याकडे बघतात, मी कारागिरांकडे बघते, आणि चहा उतू जातोय.

किती वेळ गेला कोण जाणे. दारात रिक्षा वाजली. नाना! भाषणं अर्ध्यावर टाकून ते निघून आले होते. ह्यांनी नंतर सांगितलं, उत्तराच्या भाषणाला नाना उभे राहिले आणि म्हणाले, "स्टँडर्ड बाई मला अजून भेटलेली नाही. शोध चालू आहे. मी निघतो, माझी भाकरी व्हायचीय," आणि खरंच व्यासपीठ उतरून चालू पडले. मागोमाग दिलीपभाऊ गाडी घेऊन, मागोमाग हे.

नाना स्वयंपाकघराच्या दारात आले. सुरतेच्या त्या उकाड्यात अंगावर शाल, हातात नारळ. त्यांनी मला ओट्यावर बसलेलं बघितलं, हातोडा बघितला, अंगणातला काळा दगड बघितला. मग खाली पडलेला टवका बघितला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला रडूच फुटलं.

"काय करी राहिनात तुम्ही?" एवढंच म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

दिलीपभाऊ मागून हौसेने सांगत होते, नाना, सरप्राइज, ग्रॅनाइट, तुमच्या मापाचा...

"नाना," मी म्हटलं, "हा नानींचा ओटा आहे ना?"

नाना हळूच वाकले. टवका उचलून त्यांनी शालीने पुसला.

"हे घर बांधलं तेव्हा मी नवा होतो, टीचर. पुस्तकात जी उंची दिली होती ती टाकली. स्टँडर्ड." हा शब्द उच्चारताना त्यांनी टवक्यावर अंगठा फिरवला. "सुमन माझ्या छातीलाही लागायची नाही. पण तिनं तक्रार केली नाही. एक पाट घेतला आणि त्याच्यावर उभी राहून रांधायची. मी यायच्या आत पाट कॉटखाली सारायची. मी लोकांना घरं कशी असावीत ते सांगत गावभर फिरायचो, आणि माझ्या घरात बाई पाटावर उभी. वर्षानुवर्षं. मला पत्ता नाही."

नाना दोन पावलं ओट्याजवळ आले.

"एकदा दुपारी अचानक घरी आलो. पाट उलटा पडलेला आणि ती खाली. उजवा हात मोडला होता. हाड जुळलं, पण तो हात पुन्हा वर गेला नाही. मी चिडलो तिच्यावर. म्हटलं, एवढी वर्षं बोलली का नाहीस? तर मला म्हणते, 'तुम्ही एवढं शिकेल. माले वाटनं, मीच बुटकी.'"

तुम्ही एवढे शिकलेले, मला वाटलं मीच बुटकी. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांना धार लागली. दिलीपभाऊ उगाच खिडकीतून बाहेर बघत होते.

"मग तो ओटा मी फोडला. तिला भिंतीला उभं केलं, म्हटलं, मळ पीठ. डाव्या हातानं मळलं तिनं. हसत होती नुसती. म्हणे, हे काय खूळ? ते पहिलं कोपर मी मोजलेलं. ह्या ओट्यावर दोनच उन्हाळे मिळाले तिला." त्यांनी टवका कोपऱ्यावर ठेवून बघितला. नीट बसला. "सिमेंट आहे ना रे तुमच्याकडे?" त्यांनी कारागिराला विचारलं. कारागिराने हातोडा कधीच खाली ठेवला होता. तो मुकाट्याने थापी घेऊन आला.

"नाना, मला माफ करा," दिलीपभाऊ म्हणाले.

"अरे, दगड चांगला आहे तुझा. वाया कशाला घालवतोस? मंडळाच्या हॉलात लाव. तिथं चहा कोण करतं?"

"शांताबाई."

"मग?"

"आधी कोपर," दिलीपभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, आणि नाना पहिल्यांदा हसले.

सगळे पांगले तेव्हा मी ओट्यावरून उतरले, उतू गेलेला चहा पुसला. म्हटलं, नाना, भाकरी मी टाकते तुमची. ते नको म्हणाले. शाल खुंटीला टांगली, पट्टा आवळला, परात घेतली. मला राहवेना. ड्रॉइंग बोर्डाची देणगी म्हणे! म्हटलं, "नाना, कंबर पार गेली तुमची. ओटा राहू द्या तसाच, पण नुसते दोन ठोकळे ठेवून परात तरी उंच करा. भाकरी आता तुम्ही करता ना?"

"हां, टीचर," नाना म्हणाले. "भाकरी मी करस. ओटा तिना शे."

आणि पिठात पाणी घालून ते वाकले.